बिशप हिलवर लिहिण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी बिशप हिल या जुन्या स्वीडिश वसाहतीच्या गावावर लिहायला घेतलंस, बरं केलंस. इलिनॉयमध्ये राहूनही आपल्यातल्या बऱ्याच जणांना शिकागोच्या पुढे नुसता मकाच आहे असं वाटतं. कच्चा मसुदा वाचला. त्यात ही वसाहत वसवणारा एरिक यान्सन भरपूर आहे, गाव फार थोडं.

यान्सनचा मोह पडणारच. स्वीडनमधला हा शेतकरी. बायबल सोडून दुसरं काही वाचायचं नाही म्हणून 1844 मध्ये त्याने धर्मसुधारक ल्यूथरची पुस्तकं जाळली, 1846 मध्ये अनुयायांना घेऊन अमेरिका गाठली आणि 1850 मध्ये इलिनॉयमधल्याच केंब्रिजच्या कोर्टात त्याचा खून झाला. खून करणारा जॉन रूट यान्सनच्या नात्यातल्याच मुलीचा नवरा. तिने वसाहत सोडायची की नाही, यावरून पेटलेलं भांडण. पण हे सगळं दोन परिच्छेदांत उरक. नाहीतर आपला वाचक ‘हा तर बुवाच’ म्हणून पान उलटेल. बुवाबाजी होतीच, ती झाकू नकोस. मात्र बुवा गेल्यावरही वसाहत अकरा वर्षं टिकली, त्याचं काय? लेख तिथे जायला हवा.

पहिल्या हिवाळ्यात ओढ्याच्या दरडीत खणलेल्या खोपटांत राहून जवळपास शंभर माणसं दगावली. 1849 मध्ये कॉलऱ्याने आणखी नेली. तरी विटांच्या भट्ट्या पेटल्या, अळशी पेरून तिच्या धाग्याचं लिनन विणलं गेलं, झाडूंसाठी ब्रूमकॉर्न लावलं गेलं. (ब्रूमकॉर्न म्हणजे आपल्या ज्वारीचाच एक प्रकार, हे जरूर लिही. सोलापूरकडचे वाचक खूश होतील.)

तिथल्या संग्रहालयात ओलोफ क्रान्सची चित्रं आहेत. तो लहानपणी, 1850 मध्ये या वसाहतीत आला, पुढे जवळच्या गॅल्वा गावात रंगकाम करून पोट भरलं आणि उतारवयात आठवणीतलं गाव रंगवलं. मका लावणाऱ्या बायकांच्या चित्रासमोर जरा वेळ थांब. शेताच्या दोन टोकांना दोन पुरुष दोरी ताणून उभे आहेत, दोरीच्या रेषेत बायकांची लांबच लांब रांग, प्रत्येकीच्या हातात काठी. एक ओळ लावून झाली की दोरी पुढे. गाव कसं चालत होतं हे त्या एका दोरीत दिसतं. त्याला माझ्या मते कुठलंही प्रवचन लागत नाही.

मग 1848 चं चर्च बघ. प्रार्थनेची जागा वर, खाली कुटुंबांसाठी खोल्या, एका बिऱ्हाडाला एक खोली. वरच्या बाकांच्या मधोमध आडोसा आहे: एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. त्याचा फोटो हवाच.

शेवट कसा झाला हे तुझ्या मसुद्यात एका ओळीत संपलंय. ते वाढव. 1853 मध्ये सात विश्वस्तांच्या हाती कारभार गेला. रेल्वे बिशप हिलमधून न जाता गॅल्व्यातून गेली. विश्वस्त ओलोफ जॉन्सनने वसाहतीचा पैसा धंद्यांत गुंतवला आणि 1857 च्या मंदीत कर्ज अंगाशी आलं. त्यातच लग्नबंदी लादल्याने घराघरांत धुसफूस. 1861 मध्ये वाटण्या ठरल्या, आणि वाटणी म्हटली की कोर्ट आलंच. तो दावा 1879 पर्यंत रेंगाळला. सातबारा आणि भाऊबंदकी बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागणार नाही. रेल्वे नाही, भांडवल नाही, म्हणून जुन्या इमारती पाडून नव्या बांधायची कुणाची ऐपतच नव्हती. आज आपण ज्याला जपलेला वारसा म्हणतो, त्यातला बराचसा असा नाइलाजाने उरलाय. 2010 च्या जनगणनेत गावात 128 माणसं होती.

सप्टेंबरच्या शेतीच्या जत्रेला किंवा डिसेंबरच्या लूसिया रात्रींना (स्वीडिश दिव्यांचा सण) जाऊ नकोस असं नाही, पण त्या दिवशी गाव पाहुण्यांसाठी नटलेलं असतं. एकदा आडदिवशी जा. मोलीनहून गाडीने फार लांब नाही. आजूबाजूच्या शेतांत कुणी भेटलं तर आधी पावसापाण्याचं आणि मक्याच्या भावाचं बोल, इतिहासाचं नंतर. तू ट्रॅक्टरच्या कंपनीत आहेस म्हटल्यावर ट्रॅक्टरच्या तक्रारीही ऐकाव्या लागतील, त्या निमूट ऐक.

आणि मथळ्यातलं ‘हरवलेलं गाव’ काढून टाक. लोक राहतात तिथे.

दुसरा मसुदा झाला की पाठव.

तुझा,
काका