बोट प्रेसमध्ये गेलं आणि कागदावर म्हणे घरी पडला

प्रश्न : दादा, माझे मिस्टर भोसरीत एका प्रेस शॉपला (पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशीनवर) ठेकेदाराकडून आहेत. मागच्या आठवड्यात नाईटला तर्जनीची दोन पेरं गेली. आता सुपरवायझर म्हणतो हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर तूच बंद केलास, केस केली तर तुझ्याच अंगाशी येईल, त्यापेक्षा घरी पडलो असं लिहून दे, दवाखान्याचं आम्ही बघतो. पगार १६ हजार, इएसआय (सरकारी कामगार विमा) कापतात. सही करू द्यावी का?

उत्तर : अजिबात नको ताई. बाकीचं नंतर वाचा, आधी मिस्टरांना सांगा की कशावरही सही करायची नाही आणि कोऱ्या कागदावर तर नाहीच.

आता ते "घरी पडला" कशासाठी लिहून हवंय ते बघा. कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही की अपघात सरकारला कळवावाच लागतो, हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्येही होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी कामगारांच्या सुरक्षेची जी नवी संहिता (कायदा) आली तिच्यातही आहे. कळवलं की इन्स्पेक्टर येणार, आला की पहिला प्रश्न विचारणार की सेन्सर बंद असताना प्रेस चालूच कसा होता. कारण गार्ड, म्हणजे हात वाचवायला मशीनला लावलेलं सेन्सरसारखं संरक्षण, नुसता बसवून भागत नाही, मशीन चालू असेपर्यंत तो जागेवर आहे ना हे बघायचं काम मालकाचं. मी स्वतः प्रेस शॉपला काम केलंय, सेन्सर कोण बंद करतं आणि कोणाच्या टार्गेटसाठी करतं हे तिथल्या चहावाल्या पोराला पण माहीत असतं.

आणि समजा खरंच मिस्टरांनीच बंद केला असेल, तरी घाबरू नका. कंपनीचंच काम करताना नियम मोडला गेला म्हणून इएसआयचा हक्क जात नाही. जखम बरी होईपर्यंत साधारण ९० टक्के पगार मिळतो, त्याला किती महिने वर्गणी भरली ही अट नाही, अगदी पहिल्या दिवशी लागलं तरी मिळतो. नंतर मेडिकल बोर्ड बसतं आणि कायमचं नुकसान किती ते ठरवतं. कायद्याच्या तक्त्यात तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, दोन पेरं गेली तर ११, एक गेलं तर ९ असं आहे, त्या हिशोबाने पुढे पैसे मिळत राहतात. "घरी पडलो" लिहून दिलंत तर हे सगळं गेलं, दवाखान्याचं बिल तेवढं भरून ते मोकळे.

तेव्हा दवाखान्याच्या केसपेपरवर "कामावर, प्रेस मशीनवर" असंच लिहून घ्या, त्या रात्रीच्या हजेरीचा फोटो आणि सोबतच्या दोघांचे नंबर ठेवा, आणि इएसआयच्या शाखेत व औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पोच न देता "ठेवून जा" म्हणतील, तिथून हलू नका.

प्रश्न : सेफ्टी बूट आणि हेल्मेटचे पैसे पगारातून कापलेत, चालतं का?

उत्तर : नाही चालत. सुरक्षेसाठी जे द्यायचं ते फुकटच द्यायचं, जुन्या कायद्यातही हेच आणि नव्यातही हेच. ठेकेदार "सगळीकडे कापतात" म्हणेल, म्हणू दे, तुम्ही पगाराची स्लिप जपून ठेवा.