अनुदान हवंय? आधी इमारत कोणत्या नियमात बसते ते पाहा

या महिन्यात आलेल्या पत्रांचा सूर साधारण एकच होता: ‘सरकार घरांसाठी एवढे पैसे देतं म्हणे, मग आमच्यापर्यंत का येत नाहीत?’ मुंबईत सरकार रोख फार थोडी देतं. जे देतं ते बहुतेक चटई क्षेत्र निर्देशांकाच्या, म्हणजे एफएसआयच्या रूपात. जादा बांधकामाची परवानगी मिळते, त्यातली काही घरं बाजारात विकली जातात आणि त्या पैशातून जुन्या रहिवाशांची घरं उभी राहतात. हे एकदा ध्यानात आलं की ‘अर्ज कुठे करू’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘आमची इमारत कोणत्या नियमात बसते’ हा पुढे येतो.

प्रश्न : गिरगावात आमची तीन मजली चाळ आहे, स्वातंत्र्यापूर्वीची. खोली आजोबांच्या नावावर, पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या भाडेहक्काची. मालक दुरुस्ती करत नाही. म्हाडाकडून दुरुस्तीचा किंवा पुनर्बांधणीचा निधी मिळेल का?

तुमची चाळ बहुधा उपकरप्राप्त, म्हणजे बोलीभाषेत सेस इमारत आहे. मुंबई शहरातल्या 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसतो. त्यांचे तीन वर्ग आहेत: 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या ‘अ’, तिथून 1950 अखेरपर्यंतच्या ‘ब’ आणि त्यापुढच्या ‘क’. मालमत्ता कराच्या देयकात ‘रिपेअर सेस’ अशी ओळ असते, ती आधी शोधा. उपनगरात हा उपकरच नाही, त्यामुळे दादरच्या मावशीला मिळालं ते पार्ल्याच्या आत्याला मिळत नाही.

उपकराच्या बदल्यात म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ संरचनात्मक दुरुस्ती करतं: खांब, तुळया, जिने, सज्जे, सामाईक शौचालयं. खोलीतल्या लाद्या आणि रंग त्यात येत नाहीत. खर्चाला दर चौरस मीटरमागे कमाल मर्यादा आहे. अंदाजपत्रक तिच्यावर गेलं तर जादा भार रहिवाशांनी उचलायचा, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडे गेली असं ठरतं. चाळीला टेकू लावून ठेवले जातात आणि काम वर्षानुवर्षं पुढे सरकत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा ही मर्यादाच असते.

पुनर्बांधणीसाठी रोख निधी मिळत नाही. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 मधल्या 33(7) खाली एफएसआय मिळतो: एकूण भूखंडावर 3, किंवा पुनर्वसनाला लागेल तेवढं क्षेत्र अधिक त्यावर प्रोत्साहनाचं क्षेत्र, यांतलं जे जास्त असेल ते. एकट्या भूखंडाला हे प्रोत्साहन 50 टक्के असतं, दोन ते पाच भूखंड एकत्र आले तर 60 आणि सहा किंवा अधिक आले तर 70. शेजारच्या दोन चाळींशी आत्ताच बोलणं सुरू करा ते याचसाठी. अरुंद भूखंडावर 50 टक्क्यांत बिल्डरचं गणित जुळत नाही, मग तो येतो, खुदाई करतो आणि गायब होतो.

निवासी भाडेकरूला किमान 27.88 चौरस मीटर, म्हणजे 300 चौरस फूट चटईक्षेत्र मिळतं. सध्याची खोली मोठी असेल तर तेवढं, पण 120 चौरस मीटरपर्यंतच. त्यावर प्रीमियम, म्हणजे महापालिकेचं शुल्क, न भरता 35 टक्के फंजिबल, म्हणजे नेहमीच्या एफएसआयवरचं वाढीव क्षेत्र, मिळतं, म्हणून 300 चे 405 होतात. बिल्डर 405 हा आकडा स्वतःच्या औदार्याचा म्हणून सांगत असेल तर हसून सोडून द्या. तो नियमाचाच आकडा आहे.

आता तुमच्या पत्रातला खरा धोका. खोली अजून आजोबांच्या नावावर आहे. मंडळ भाडेकरूंची प्रमाणित यादी करतं तेव्हा भाडेपावती कुणाच्या नावाची हे पाहतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 नुसार भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. मृत्यूचा दाखला, त्या काळातली शिधापत्रिका, वीजबिल आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं जोडून मालकाला पावती बदलण्याचं पत्र द्या, पोच घ्या. मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली पावतीसुद्धा जपून ठेवा. भावाभावांत वाद असेल तर तो लघुवाद न्यायालयात आत्ताच निकाली काढा. घराचा ताबा द्यायच्या वेळी तो निघाला की चावी मंडळाच्या कपाटात राहते.

दुसरी अडचण 13 जून 1996 या तारखेची. त्यानंतर मालकाने खोली कापून नवे भाडेकरू निर्माण केले असतील तर एफएसआयसाठी ते धरले जात नाहीत. पोटमाळा आणि सामाईक गॅलरी खोलीच्या मापात येईल असंही गृहीत धरू नका. मोजणीला माणूस येईल त्या दिवशी घरी थांबा आणि माप लिहिलेल्या कागदाची प्रत मागा.

इमारत धोकादायक ठरवून महापालिकेने महापालिका कायद्याच्या कलम 354 नुसार रिकामी करायला लावली तरी भाडेहक्क संपत नाही. मात्र पाडण्यापूर्वी प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ नोंदवून घ्या. नंतर पुरावा म्हणून फक्त मातीचा ढीग उरतो.

मालक काहीच करत नसेल तर म्हाडा कायद्याच्या 79-अ खाली धोकादायक ठरलेल्या इमारतीच्या मालकाला 51 टक्के रहिवाशांच्या संमतीसह प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने मिळतात. त्याने दिला नाही तर रहिवाशांच्या नियोजित संस्थेला सहा महिने, आणि तरीही काही झालं नाही तर म्हाडा भूसंपादन करून स्वतः उतरते. या नोटिसांवरून मालक न्यायालयात गेले आहेत. त्यामुळे इमारत धोकादायक ठरवणारा सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश हातात नसेल तर केवळ नोटिशीच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न : मुलुंडला आमची 28 घरांची सोसायटी, इमारत 38 वर्षांची. बिल्डरऐवजी स्वयंपुनर्विकास करायचा आहे. सरकार किती पैसे देतं?

थेट बांधकामासाठी काहीच नाही. राज्याच्या 13 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयात एक खिडकी मंजुरी आणि कर्जाच्या व्याजावर 4 टक्के सवलत आहे. ती मंजूर झाल्याचं पत्र हातात पडेपर्यंत हिशेबात एक रुपयाही धरू नका. कर्ज मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेसारख्या बँका देतात, जमीन गहाण ठेवून. पैसा एकरकमी येत नाही, टप्प्याटप्प्याने येतो.

म्हणून आधी जमीन तुमची आहे का ते पाहा. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या नोंदीवर, अजून मूळ बिल्डरचं किंवा जमीनमालकाचं नाव असेल तर बँक दारात उभं करणार नाही. मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याच्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकाकडे नमुना 7 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करा. आदेश मिळाला की काम संपलं असं अनेकांना वाटतं. आदेशानंतर दस्त नोंदवायचा, मग नगर भूमापन कार्यालयात फेरफार करून पत्रिकेवर संस्थेचं नाव चढवायचं. इथेच सोसायट्यांची वर्षं जातात.

मग एफएसआय. तीस वर्षांवरच्या अधिकृत इमारतीला 33(7)(ब) खाली प्रोत्साहन मिळतं: सध्याच्या बांधीव क्षेत्राच्या 15 टक्के किंवा प्रत्येक घरामागे 10 चौरस मीटर, जे जास्त असेल ते. समजा तुमचं बांधीव क्षेत्र 1,500 चौरस मीटर आहे. 15 टक्के म्हणजे 225. अठ्ठावीस घरांचे 280. तुम्ही 280 घ्याल, म्हणजे सुमारे 3,014 चौरस फूट. लहान घरांच्या सोसायट्यांना हा नियम विशेष लाभतो. त्याशिवाय मूळ एफएसआय, प्रीमियम भरून घ्यायचा जादा एफएसआय, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामहक्क, आणि फंजिबल आहेच. पण टीडीआर रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर तो जवळजवळ हाती लागत नाही. रुंदी गल्लीत टेप धरून ठरवू नका. विकास आराखड्याचा शेरा काढून घ्या, रस्तारेषा त्यात असते.

बुडतात त्या सोसायट्या बहुधा बांधकामाच्या खर्चाने बुडत नाहीत, पैशाच्या क्रमाने बुडतात. विक्रीचा पहिला रुपया यायच्या आधी आर्किटेक्ट, माती परीक्षण, महापालिकेचे प्रीमियम, टीडीआरची खरेदी, 28 कुटुंबांचं भाडं आणि सामान हलवणं हे सगळं भरायचं असतं. प्रारंभ प्रमाणपत्र आणि महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडची, नोंदणी झाल्याशिवाय विक्रीचं घर जाहिरातीतही आणता येत नाही. नोंदणी झाल्यावर ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात जातात. म्हणून महिन्यागणिक रोख प्रवाहाचा तक्ता मागा. ‘एकूण नफा इतके कोटी’ एवढाच एक पानी अहवाल देणारा सल्लागार दुसऱ्या कुणाच्या तरी सोसायटीवर शिकायला पाठवा. तक्त्यात विक्री वर्षभर उशिरा झाली तर काय, हे एकदा लावून पाहा. व्याज आणि भाडं तेव्हाही थांबत नाही.

सभेची पथ्यं 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयात आहेत: दोन तृतीयांश गणपूर्ती, एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती, चित्रीकरण, इतिवृत्त. न्यायालयांनी हा निर्णय मार्गदर्शक मानला आहे, बंधनकारक नाही. तरी शब्दशः पाळा. विरोधातला एक सभासद न्यायालयात गेला तर पहिल्यांदा उघडतं ते इतिवृत्ताचंच पुस्तक.

प्रश्न : भांडुपच्या डोंगराळ वस्तीत आमची झोपडी 2004 पासून आहे. झोपु, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आम्ही ‘अपात्र’ दाखवलं गेलं आहे. बिल्डर म्हणतो, काही होणार नाही.

2004 ची झोपडी 1 जानेवारी 2000 च्या मर्यादेत बसत नाही, म्हणून मोफत घर मिळणार नाही. पण 1 जानेवारी 2000 ते 1 जानेवारी 2011 दरम्यानच्या झोपडीधारकांसाठी सशुल्क पुनर्वसन आहे आणि 2023 मध्ये राज्याने त्याची किंमत अडीच लाख रुपये ठरवली. तुमचा प्रश्न ‘अपात्र की सशुल्क पात्र’ असा आहे. यादीतल्या शेऱ्याचा रकाना वाचा. ‘पुरावा अपुरा’ लिहिलं असेल तर तो दुरुस्त होतो.

परिशिष्ट-2, म्हणजे पात्र-अपात्रांची यादी, बिल्डर करत नाही, जमीन ज्याची त्याचा सक्षम प्राधिकारी करतो: महापालिकेच्या जमिनीवर महापालिका, शासकीय जमिनीवर उपजिल्हाधिकारी. अर्जही तिकडेच करायचा. 2011 पूर्वीच्या मतदार यादीचा उतारा, तेव्हाचं वीजबिल, मुलांच्या शाळेचा दाखला द्या, आणि पत्ता सगळीकडे एकाच झोपडीचा आहे ना ते तपासा. सर्वाधिक नावं इथेच गळतात: बिलावर चाळीचं नाव एक, मतदार यादीत दुसरं. नाकारलं तर अपील करता येतं, आणि त्यापुढे शिखर तक्रार निवारण समिती आहे. मुदत आदेशावरच लिहिलेली असते, ती चुकवू नका.

वरच्या मजल्यावर भावाचा संसार वेगळा आहे असं तुम्ही लिहिलंय. नियमात तळमजल्याची झोपडी धरली जाते, वरच्या मजल्याला स्वतंत्र घराची आशा धरू नका. झोपडी खाली करण्यापूर्वी दोन वर्षांचं भाडं झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे आगाऊ जमा झालंय का, हे तिथल्या कार्यालयात लेखी विचारा.

प्रश्न : आमच्या वस्तीत शौचालय आणि संरक्षक भिंत हवी आहे. पुनर्विकास होईल तेव्हा होईल.

अशा कामांसाठी म्हाडाचं मुंबई झोपडपट्टी सुधार मंडळ आहे: पायवाटा, गटारं, शौचालयं, संरक्षक भिंती. आमदाराच्या स्थानिक विकास निधीतूनही काम घेता येतं, तो वर्षाला 5 कोटी असतो आणि प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात. पत्रासोबत जागेचा नकाशा, लाभार्थी कुटुंबांची संख्या आणि जमीनमालक यंत्रणेची ना-हरकत जोडा. रेल्वे किंवा केंद्राची जमीन असेल तर प्रस्ताव तिथेच अडकतो. शौचालय झाल्यावर पाणी, वीज आणि सफाईचं बिल कोण भरणार हे बांधकामाआधी ठरवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत त्याला कुलूप लागतं.

प्रश्न : दोघांचं मिळून उत्पन्न 8 लाख. विरारला 33 लाखांचं घर बघितलंय. पंतप्रधान आवास योजनेत काय मिळेल?

योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, 1 सप्टेंबर 2024 पासून, वार्षिक 9 लाखांपर्यंत उत्पन्न, 35 लाखांपर्यंतचं घर आणि 25 लाखांपर्यंतचं कर्ज असेल तर पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के व्याज अनुदान मिळतं. कमाल 1 लाख 80 हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. तुम्हा दोघांच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. गावच्या घरावर फक्त वडिलांचं नाव असेल तर चालतं. मोठा बोनस मिळाला म्हणून लगेच कर्ज फेडू नका: हप्ता येतो तेव्हा खातं चालू आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं.

अडीच लाखांचं जे अनुदान ऐकलंत, दीड लाख केंद्राचं आणि एक राज्याचं, ते योजनेच्या प्रकल्पांसाठी आहे. म्हाडाच्या शिरढोण, खोणीसारख्या सोडतींत ते घराच्या किमतीतून वजा होतं, तुमच्या खात्यात येत नाही.

प्रश्न : पुनर्विकासात नव्या घराच्या करारावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरा असं सांगतात. भाड्यावर टीडीएसही कापतात.

सभासदाला जुन्या घराच्या बदल्यात मिळणाऱ्या घराच्या करारावर 100 रुपयांचा मुद्रांक पुरेसा आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं. विकत घेतलेल्या जादा क्षेत्रावर मात्र शुल्क लागतं. संक्रमण काळातलं भाडं हे उत्पन्न नाही, त्यावर टीडीएस कापायचा नाही, हेही याच न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलं. दोन्ही निकालांच्या प्रती सोसायटीच्या पत्रासोबत बिल्डरला पाठवा. आधीच कापलेली रक्कम फॉर्म 26एएस मध्ये दिसत असेल तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो.