५०पैकी १७, आणि पाठीवरचा डबा

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

तुझं चार पानी पत्र मिळालं. त्याआधीच तुझ्या आईने गणिताच्या पेपरचे फोटो पाठवले होते. खाली एवढंच लिहिलं होतं, "बाई, पोरीला परत आपल्या शाळेत घ्या." आपल्या शाळेत वर्ग सातवीपर्यंतच, आणि मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तेव्हा माझाही नाइलाज आणि तुझाही.

तो इंग्रजीतला पेपर मी चष्मा पुसून दोनदा पाहिला. पहिल्या सत्राचं संकलित मूल्यमापन, लेखी ५० गुण, त्यात तुला १७. तू लिहितेस, "मला गणित येत नाही हे आता कळलं." इतक्या लवकर निकाल लावू नकोस. आधी तिसरा प्रश्न बघू.

दोन समांतर रेषा, एक छेदिका. एका आंतरकोनाचं माप ७५ अंश, तर छेदिकेच्या त्याच बाजूच्या दुसऱ्या आंतरकोनाचं किती? तू लिहिलंस ७५, आणि कारण दिलंस, ऑल्टरनेट अँगल्स समान असतात. उत्तर १०५ आहे, कारण या जोडीची बेरीज १८० होते. पण तू दिलेलं कारण खोटं नाही. व्युत्क्रम कोन समानच असतात. तू फक्त दुसऱ्याच जोडीचा नियम या जोडीला लावलास. प्रश्नात 'इंटेरिअर' दिसलं, ते तुला 'इंटेरिअर ऑल्टरनेट'मधलं वाटलं, आणि पुढचे 'ऑन द सेम साइड' हे शब्द वाचायचेच राहिले. हाच प्रश्न सातवीच्या उन्हाळ्यात मी तुला फळ्यावर मराठीत घातला असता, तर तू खडू हातातून ओढून घेतला असतास.

गेलेल्या ३३ गुणांचा मी हिशोब मांडला. १९ गुण असे आहेत, जिथे प्रश्न काय विचारतोय हेच तुला लागलेलं नाही. ६ गुण वेळ संपल्यामुळे गेले. उरलेले ८ मात्र निव्वळ धांदरटपणाचे. दोन पदांच्या बेरजेचा घन करताना मधली दोन पदं गाळायची, ही खोड तुला कुठल्याही भाषेत महाग पडेल. तिथे मी तुझी बाजू घेणार नाही.

त्या १९ गुणांबद्दल मात्र बोलायला हवं. सातवीपर्यंत सगळं मराठीत आणि आठवीच्या पहिल्या दिवसापासून गणित-विज्ञान इंग्रजीत. या सेमी-इंग्रजीवर माझा राग नाही. पुढे तुला ते उपयोगी पडेल. पण जूनमध्ये निदान पंधरा दिवस तरी कुणी तुम्हा खेड्यांतून आलेल्या मुलांना जुन्या शब्दाशेजारी नवा शब्द ठेवून दाखवायला हवा होता. तू पोहायला कशी शिकलीस आठव. मामाने पाठीला पत्र्याचा डबा बांधला, मगच विहिरीत सोडलं. इथे डबा काढून घेतला आणि मग ढकललं. तुला वाटलं, आपल्याला पाणीच झेपत नाही.

म्हणून तो डबा परत बांध. बालभारतीचं आठवीचं गणिताचं पुस्तक मराठीतही आहे आणि इंग्रजीतही, आणि दोन्हींत प्रकरणांचा क्रम एकच. मराठी पुस्तकाची पीडीएफ ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, नाहीतर शेजारच्या दादाचं जुनं पुस्तक माग. उद्या जो धडा वर्गात होणार, तो आदल्या रात्री मराठीत वाचून जा. सोडवू नकोस, नुसता वाच. मग सकाळी सर इंग्रजीत बोलायला लागले की तुला ओळखीच्या माणसाने नवा सदरा घातल्यासारखं वाटेल.

आणि शब्द फोड. आपले गणिती शब्द संस्कृतातले, म्हणून आपण ते घाबरून पाठ करतो, पण फोडले की ते चित्रच काढून देतात. छेदिका म्हणजे छेदणारी. शिरोलंब म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब. मध्यगा म्हणजे समोरच्या बाजूच्या मध्याकडे गेलेली. 'मीडियन' ऐकलंस की मनात 'मध्यगा' म्हण, आकृती आपोआप उभी राहील. इंग्रजी शब्दही अगदी मुके नसतात बरं. तुमच्या तालुक्याला नळाला ऑल्टरनेट डे पाणी येतं ना? एक दिवसाआड. ऑल्टरनेट कोनही तसेच, एक छेदिकेच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला. 'रॅशनल'मध्ये 'रेशो' दडलाय, म्हणजे गुणोत्तर. आपला 'परिमेय' मोजण्यावरून आला, त्यांचा 'रॅशनल' गुणोत्तरावरून. वहीच्या शेवटच्या पानांवर एक शब्द मराठीत, तोच इंग्रजीत, आणि शेजारी अंगठ्याएवढी आकृती, असं लिहीत जा. व्याख्या उतरवत बसू नकोस, आकृती हवी.

आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. तू ती तिसऱ्या पानाच्या तळाशी, जवळजवळ लपवून लिहिली आहेस. ऑगस्टमध्ये वर्गात पाय (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) ही संख्या अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या गुणोत्तरात मांडता येत नाही, असं सांगितलं, तेव्हा तू हात वर करून मराठीतच विचारलंस, "पाय म्हणजे २२/७, मग तो अपरिमेय कसा?" (पाय म्हटलं की वर्गात कुणीतरी स्वतःचा पाय वर करून दाखवतोच. माझ्या वर्गात तीस वर्षांत एकही साल चुकलं नाही.) मुलं हसली, ते बहुधा तू मराठीत बोललीस म्हणून. सर म्हणाले, "ते परीक्षेला नाही." त्यानंतर तू सत्रभर हात वर केला नाहीस.

अगं, तो त्या दिवशीचा वर्गातला सर्वात चांगला प्रश्न होता! २२/७ परिमेयच आहे. भागून बघ, ३.१४२८५७ येतं आणि पुढे १४२८५७ हेच अंक फिरून फिरून येत राहतात. पाय मात्र ३.१४१५९ असा सुरू होतो आणि त्याचे अंक असे चक्रात कधीच अडकत नाहीत. म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्याच घरात दोघांची फारकत होते. २२/७ थोडा मोठा आहे. हिशोबाला सोपा, म्हणून आपण तो वापरतो, इतकंच. पाय हा ३ पूर्णांक १/७ पेक्षा लहान आणि ३ पूर्णांक १०/७१ पेक्षा मोठा आहे, हे आर्किमिडीजने दाखवलं होतं. तुझ्या विज्ञानाच्या 'बल व दाब' या धड्यात भेटतो, तोच हा. आपल्या आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये ६२८३२ भागिले २०००० असं गुणोत्तर दिलं, म्हणजे ३.१४१६. आणि देताना त्याने त्याला 'आसन्न' म्हटलं. आसन्न म्हणजे जवळ आलेलं, तंतोतंत नव्हे. पाय अपरिमेय आहे याची सिद्धता लँबर्ट या गणितज्ञाने दिली ती अठराव्या शतकात. आता तूच बघ, तू मुलांच्या हसण्याखाली दाबून टाकलेला प्रश्न किती जुना आहे.

सरांवर रुसू नकोस. पासष्ट मुलांचा वर्ग, अभ्यासक्रम संपवायचा, त्यात निवडणुकीची कामं. मीही चिडून "ते परीक्षेला नाही" म्हटलेलं आहे, एकदा नव्हे. पण प्रश्न सोडू नकोस. मधल्या सुट्टीत सरांच्या टेबलाशी जा आणि भागाकार करून दाखव. बहुतेक शिक्षक वर्गात एक असतात आणि टेबलाशी दुसरे. इंग्रजी अडलं तर प्रश्न मराठीत विचार, फक्त त्यातला एक शब्द नवा वापर. "सर, हा इरॅशनल कसा?" इतकं पुरे.

तुझ्या तोंडून तिथल्या मॅडमना 'बाई' निघालं आणि मुली फिदीफिदी हसल्या, त्याबद्दल काय सांगू? मॅडम म्हण, त्यांना तसंच आवडत असेल. त्यात हरण्यासारखं काही नाही. मला मात्र बाईच म्हण.

बसचं एक. निळ्या बसमध्ये जाता-येता मिळून दीड तास जातो, वेळ फुकट जातो, असं तू म्हणतेस. त्या गर्दीत पुस्तक उघडून वाचायला मी सांगणार नाही, डोळे दुखतील आणि पोटात मळमळेल. पण ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की सगळ्या जणी पुढे का जातात, आणि वळणावर बाहेरच्या अंगाला का कलंडतात, हे मैत्रिणीला सांग बघू. एक गतीचं जडत्व आणि दुसरं दिशेचं. 'इनर्शिया' हा शब्द तुला विज्ञानाच्या पेपरात आठवला नव्हता. बसमध्ये धक्का बसेल तेव्हा प्रत्येक वेळी तो मोठ्याने म्हणा. लोक बघतील, बघू देत.

एनएमएमएस या आठवीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरलाय असं आई म्हणाली. छान केलंस. नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२००० रुपये मिळतात, आणि त्यातला अर्धा पेपर बुद्धिमत्तेचा असतो, तिथे तुला कुणाची भाषा आडवी येणार नाही. जुन्या प्रश्नपत्रिका माझ्या कपाटात आहेत.

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी ये. गणिताचा पेपर मूळ आण, फोटोत पेन्सिलीचं कच्चं काम नीट दिसत नाही आणि मला तेच बघायचंय. चकल्या यंदा जरा कडक झाल्यात, दात सांभाळून खाव्या लागतील. आणि कंपासपेटी विसरू नकोस, माझा कोनमापक नातवाने मोडलाय.

तुझ्या,
बाई