मुदत ठेव मोडून घरातील विद्युत उपकरणे बदलावीत का?

जुळे सोलापूर येथील एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या घरी बसून गणवेश शिवतात, पती टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहेत, घरात दोन मुले आणि वृद्ध सासूबाई आहेत. हिवाळ्यात त्यांचा वीजवापर महिन्याला १७० युनिट असतो, तो एप्रिल-मे महिन्यांत ३४० युनिटपर्यंत जातो. पंचतारांकित फ्रिज, इन्व्हर्टर एसी आणि चार बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचे) पंखे घेतल्यास बिल निम्म्यावर येईल, असे दुकानदाराने त्यांना सांगितले असून एकूण खर्च ८९,००० रुपये आहे. त्यासाठी १,२०,००० रुपयांची मुदत ठेव मोडावी की विनाव्याज हप्ते घ्यावेत, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा घरखर्च दरमहा २६,००० रुपये आहे आणि या ठेवीखेरीज दुसरी शिल्लक नाही, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे आज ही ठेव साडेचार महिन्यांचा आधार आहे आणि ८९,००० रुपये काढले तर तो जेमतेम सव्वा महिन्याचा उरतो. तुमची मजुरी नगावर अवलंबून आहे आणि घरात वयस्कर माणूस आहे, तेव्हा ही ठेव उपकरणांसाठी मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हप्त्यांबाबतही सावध राहावे. विनाव्याज म्हटल्या जाणाऱ्या योजनेत रोखीने मिळणारी सवलत बहुधा सुटते, प्रक्रिया शुल्क वेगळे असते आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. दुकानदाराला रोखीचा अंतिम भाव विचारून हप्त्यांच्या बेरजेशी ताडून पाहिला, की खरे व्याज लक्षात येते.

तरीही वीज वाचवण्याचा तुमचा विचार योग्यच आहे. फक्त त्या तीन वस्तूंना एकाच पारड्यात टाकता येणार नाही. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना त्याहून बराच चढा आणि ३०१ ते ५०० युनिटांना आणखी चढा दर असतो. त्यात वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा प्रतियुनिट आकार, मिळवावा लागतो आणि वर १६ टक्के वीज शुल्क बसते. वाचलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होते, म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून काढलेला सरासरी दर येथे उपयोगाचा नाही. पुढील हिशेबासाठी मी मधल्या टप्प्यातील युनिट १३ रुपये आणि त्यावरील टप्प्यातील युनिट १८ रुपये धरतो. तुमच्या ताज्या बिलावरील दर पाहून ते आकडे बदलून घ्यावेत.

प्रथम पंखे. जुना पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा साधारण ३० वॉट. तुमचा बाहेरच्या खोलीतील आणि सासूबाईंच्या खोलीतील पंखा वर्षातील आठ महिने रोज सोळा तास व उरलेले चार महिने आठ तास फिरतो. या हिशेबाने प्रत्येक पंख्यामागे वर्षाला सुमारे २१५ युनिट, म्हणजे २,८०० रुपये वाचतील. पंख्याची किंमत ३,००० रुपये असल्याने ती तेरा महिन्यांत भरून निघते. स्वयंपाकघरातील पंखा मात्र रोज तीनच तास चालतो. तेथे वर्षाला ५० युनिटही वाचणार नाहीत आणि किंमत वसूल होण्यास पावणेपाच वर्षे लागतील. म्हणून दोनच पंखे बदलावेत आणि उरलेले दोन बंद पडेपर्यंत वापरावेत.

ज्या यंत्राचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, त्याकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. तुमच्या शिलाई मशीनला जुनी क्लच मोटर आहे. ती पायडल सोडल्यावरही फिरतच राहते. तुम्ही धागे कापत असता, कॉलर जुळवत असता किंवा गठ्ठा मोजत असता, तेव्हाही ती वीज घेत असते. सर्व्हो मोटर केवळ टाके पडत असताना चालते. दोन्हींच्या सरासरी वापरात २०० वॉटचा फरक धरला, तर रोज सहा तास आणि महिन्याला पंचवीस दिवसांच्या कामात ३० युनिट, म्हणजे सुमारे ३९० रुपये वाचतात. सर्व्हो मोटर ४,५०० रुपयांना मिळाली तर वर्षभरात तिची किंमत निघते. शिवाय ही बचत थेट तुमच्या मजुरीत पडते, हे मला अधिक मोलाचे वाटते. नवी मोटर येईपर्यंत हातचे काम करताना मशीनचे बटण बंद ठेवण्याची सवय करावी.

तुमचा फ्रिज चौदा वर्षांचा आहे. तो रोज दीड युनिट घेत असेल आणि नवा वर्षाला १८० युनिट घेणार असेल, तर वर्षाला सुमारे ३६५ युनिट, म्हणजे ४,७५० रुपये वाचतील. परंतु ३२,००० रुपये वसूल होण्यास जवळजवळ सात वर्षे जातील. तोपर्यंत दाराचे रबर तपासावे. दारात कागद धरून दार लावल्यावर तो सहज ओढून निघत असेल, तर थंडावा बाहेर जात आहे. रबर बदलण्याचा खर्च नव्या फ्रिजच्या मानाने किरकोळ असतो. कॉम्प्रेसर बिघडला तर मात्र त्यावर पैसे घालू नयेत. नवा घेताना ताऱ्यांच्या संख्येपेक्षा लेबलवरील वार्षिक युनिटांचा आकडा वाचावा: दोन मॉडेलांत ५० युनिटांचा फरक आणि किमतीत ६,००० रुपयांचा फरक असेल, तर महागडे मॉडेल नऊ वर्षांनी परवडू लागते.

एसीबाबत दुकानदाराचे म्हणणे मला मान्य नाही. तुमच्याकडे आज एसीच नाही, मग त्यातून बचत होणार कशी? दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी रात्री आठ तासांत सुमारे सात युनिट घेईल, तर तुमचा १८० वॉटचा कूलर तेवढ्याच वेळात दीड युनिटही घेत नाही. म्हणजे मे महिन्यात वापर १६५ युनिटांनी वाढून ५०० युनिटांच्या पुढे जाईल आणि बिलात सुमारे ३,००० रुपयांची भर पडेल. आपल्याकडील मे महिन्याच्या कोरड्या उन्हात कूलर उत्तम काम करतो. जूनमध्ये हवा दमट झाली की त्याचा गुण कमी होतो. नळाला चार दिवसांआड पाणी येत असल्याने कूलरला पाणी पुरत नाही, ही तुमची अडचण खरी आहे. सासूबाईंना उष्णतेचा त्रास होत असून डॉक्टरांनी सांगितले असेल, तर त्यांच्या खोलीपुरता एक टनाचा एसी अवश्य घ्यावा, मात्र तो खर्च आरोग्याच्या नावे लिहावा. २६ अंशांवर एसी आणि सोबत मंद पंखा ठेवला, तर वीज बरीच कमी लागते.

सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी वीज घेतच राहतो. तो १० वॉट घेत असेल, तर दिवसाच्या रिकाम्या अठरा तासांत वर्षाला ६५ युनिट जातात. भिंतीवरील बटण बंद करण्यास काहीच खर्च येत नाही.

दोन पंखे, मोटर आणि हे बटण मिळून मे महिन्यातील वापर ३४० वरून सुमारे २६० युनिटांवर येईल. बिल निम्मे होणार नाही, परंतु तीनशेचा टप्पा ओलांडला जाणार नाही. वर्षभरात सुमारे ११,००० रुपये वाचतील आणि खर्च १०,५०० रुपये होईल. तेवढीच रक्कम ७ टक्के दराच्या ठेवीत वर्षाला ७३५ रुपये देते. हा खर्च तीन महिन्यांत विभागून पगारातून करावा: आधी सासूबाईंच्या खोलीतील पंखा, मग मोटर, त्यानंतर दुसरा पंखा. त्याआधी प्लगमध्ये बसणारे वीज मोजण्याचे छोटे मीटर कोणाकडून तरी आठवडाभर आणून फ्रिज आणि मशीन मोजून घ्यावे, कारण या दोन्हींचे माझे आकडे अंदाजाचे आहेत.

नोव्हेंबरमध्ये ठेवीची मुदत संपेल, तेव्हा ती ६०,००० रुपयांच्या दोन पावत्यांत विभागून ठेवावी. अडचण आलीच तर एकच मोडावी लागेल आणि दुसरीचे व्याज अबाधित राहील. दरमहा वाचणाऱ्या रकमेतून ८०० रुपयांची आवर्ती ठेव फ्रिजसाठी आजच सुरू करावी.