'कॅश्यू' हा इंग्रजी शब्द 'कॅश'वरून आला का? रोजच्या वापरात तो नेमका कशाला म्हणतात?

नाही, 'कॅश'शी त्याचा काही संबंध नाही. 'कॅश'चं मूळ लॅटिनमध्ये, पेटी या अर्थाच्या 'काप्सा'त. 'कॅश्यू' आला ब्राझीलच्या तुपी भाषेतल्या 'अकाजू'वरून. पोर्तुगीजांनी त्याचा 'काजू' केला आणि १६व्या शतकात झाडासकट गोव्यात आणला. आपण आणि इंग्रज, दोघांनीही शब्द त्यांच्याकडूनच उचलला.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा. एप्रिल-मेमध्ये आमचं अख्खं घर डोंगरावर असायचं. बोंडू, म्हणजे ज्याला बी लटकते ते काजूचं रसाळ फळ, वेचायचे, बिया पिळून वेगळ्या काढायच्या, बोंडू पायांनी तुडवायचे, रस भट्टीवर. त्यातून आधी हुर्राक ही सौम्य दारू, मग कडक फेणी. शाळेत इंग्रजी निबंधात मी लिहिलं की आम्ही कॅश्यू तुडवून रस काढतो. बाईंनी वाक्य लाल शाईनं खोडलं आणि भर वर्गात म्हणाल्या, ''कॅश्यू म्हणजे बी. बीचा कधी रस निघतो?'' पोरं हसली. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, ते आज देतो.

आमच्याकडे काजू म्हणजे झाडही, बोंडूही, बीसुद्धा. पोर्तुगीजमध्ये नुसतं 'काजू' म्हटलं की बोंडूच समजतात, बीसाठी वेगळा शब्द जोडावा लागतो. इंग्रजी शब्दकोशांतही 'कॅश्यू'चा अर्थ झाड असा दिलेला असतो. मग बोलण्यात फक्त बी का उरली? कारण बोंडू तोडला की एक-दोन दिवसांत नासतो, तो बोटीनं विलायतेला जाणार कसा? वाळलेली बी मात्र कुठंही जाते. बाजारात जे पोचलं, त्यालाच नाव चिकटलं. ज्यांनी झाड पाहिलंच नाही, त्यांचा अर्थ आम्ही का म्हणून मानायचा?

पाकिटावरच्या 'रॉ कॅश्यू'लाही फसू नका. सालीतलं तेल कातडी भाजून काढतं, म्हणून तो गरही आधी वाफवलेला किंवा भाजलेला असतो. व्यापारी 'रॉ कॅश्यू नट' म्हणतात तेव्हा ती सालीसकट बी असते.

हां, परीक्षेत लिहायचं असेल तर बोंडूला 'कॅश्यू ॲपल' लिहा, गुण जाणार नाहीत. पण शिक्षक असाल आणि सत्तरीच्या, काणकोणच्या पोरानं कॅश्यू तुडवला असं लिहिलं, तर खोडण्याआधी त्याला विचारा तरी.