लॅपटॉप ३५ टक्क्यांवर अचानक बंद पडतो, मधूनच निळी स्क्रीन येते. बॅटरी कॅलिब्रेट केली तर थांबेल का?

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत. चार वर्षं वापरलेला लॅपटॉप बॅटरीवर ३५ टक्के दाखवत असतानाच फटकन बंद होतो, हे एक. चार्जर लावलेला असतानाही आठवड्यातून एकदोनदा निळी स्क्रीन येते, म्हणजे विंडोज कोलमडते, हे दुसरं. कॅलिब्रेशनचा (बॅटरी पूर्ण भरून-उतरवून टक्क्यांचा आकडा दुरुस्त करण्याचा) संबंध असलाच तर पहिल्याशी, आणि तोही नेहमी नसतो. निळ्या स्क्रीनवर तो उपाय नाही.

इतकं ठामपणे लिहितोय, कारण माझ्या लॅपटॉपला ही दोन्ही दुखणी एकाच वेळी होती. मी तीन वेळा बॅटरी पूर्ण उतरवून पुन्हा भरली. टक्क्यांचा आकडा बराच खरा झाला, निळी स्क्रीन मात्र तशीच राहिली. तिसऱ्या खेपेला तर बॅटरी उतरत असतानाच मशीन कोसळलं आणि उघडी असलेली फाइल खराब झाली. निळ्या स्क्रीनचं कारण वेगळंच निघालं: रॅमच्या, म्हणजे मशीनच्या कामचलाऊ मेमरीच्या, दोन पट्ट्यांपैकी एक सदोष होती. तेव्हा काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्या. अगदी आजच.

आता बॅटरीकडे येऊ. लिथियम-आयन सेलमध्ये किती चार्ज उरलाय हे थेट मोजता येत नाही. बॅटरीतली एक चिप आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याचा जमाखर्च ठेवते आणि त्यावरून टक्के सांगते. रोजच्या नोंदीत थोडी थोडी चूक राहते आणि ती साठत जाते. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, रिकामा होताना ३ व्होल्टच्या जवळ येतो. मधल्या मोठ्या टप्प्यात व्होल्टेज इतकं सावकाश उतरतं की त्यावरून चिपला नेमका अंदाज बांधता येत नाही. दोन्ही टोकं मात्र स्वच्छ ओळखू येतात. कॅलिब्रेशन म्हणजे बॅटरीला या दोन्ही टोकांपर्यंत नेऊन वहीतली शिल्लक आणि पेटीतली रोकड यांचा मेळ घालणं. वही दुरुस्त होते, पेटीतले पैसे वाढत नाहीत. ‘कॅलिब्रेशनने बॅटरी जास्त वेळ टिकते’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा ‘मेमरी इफेक्ट’, म्हणजे अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा भरल्याने क्षमता घटल्यासारखी होणं, लिथियम-आयनमध्ये नसतो. बॅटरी पूर्ण उतरवूनच भरा, हा सल्ला त्या काळातून चालत आला आहे.

मग तुमची वही चुकली आहे की पेटीच रिकामी होत चालली आहे? याची एक साधी चाचणी आहे. पुढच्या वेळी ३५ टक्क्यांवर बंद पडला की चार्जर न लावता पुन्हा सुरू करून पाहा. सुरूच झाला नाही किंवा सुरू होऊन दोन-तीन टक्के दाखवू लागला, तर आकडा खोटा होता आणि कॅलिब्रेशनचा उपयोग होण्याची शक्यता आहे. पण सुरू होऊन पुन्हा ३३-३४ टक्के दाखवले आणि साधं टायपिंग करताना बराच वेळ चालला, तर सेल थकले आहेत. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. व्हिडिओ कॉल किंवा गेम सुरू झाला, एकदम जास्त करंट ओढला गेला, की व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. विंडोजला ‘बंद होतोय’ असं सांगायलाही वेळ मिळत नाही. एकापाठोपाठ जोडलेल्या तीन-चार सेलमधला एकच कमजोर असला तरी हेच घडतं, कारण सर्वात आधी संपणारा सेल सगळ्यांना थांबवतो. यावर नवी बॅटरी हाच इलाज.

खात्रीसाठी विंडोजचा बॅटरी अहवाल काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ हा आदेश इंग्रजी अक्षरांत टाइप करा, मग स्पेस, तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ (powercfg /batteryreport). ब्राउझरमध्ये उघडणारी एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच दिसतं. तिच्यातली ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ शेजारी ठेवून पाहा. पहिली ५०,००० मिलिवॉट-तास आणि दुसरी ३०,००० असेल तर बॅटरीची ६० टक्केच क्षमता उरली आहे. अशा बॅटरीवर कॅलिब्रेशनमध्ये वेळ घालवू नका, असं माझं मत. दुसरा आकडाही त्याच चिपच्या वहीतून येतो, म्हणून एका रात्रीत तो खूप उडी मारत असेल तर ते वही चुकल्याचं लक्षण समजा.

कॅलिब्रेट करायचं ठरलंच तर आधी ८० टक्क्यांची चार्जिंग मर्यादा लावली असल्यास ती तात्पुरती काढा. ही मर्यादा चांगलीच आहे, पण तिच्यामुळे बॅटरी वरच्या टोकाला कधी पोचत नाही आणि आकडा भरकटू शकतो. मग १०० टक्के भरा, आणखी दोन तास चार्जरवरच ठेवून गार होऊ द्या. चार्जर काढून हलकं काम करत उतरवा. शेवटच्या टप्प्यावर मशीन हायबरनेट होईल (उघडं काम डिस्कवर साठवून बंद होईल) अशी सेटिंग ठेवा, म्हणजे ते काम वाचेल. चार-पाच तास तसंच राहू द्या आणि मग मध्ये न थांबता एका दमात पूर्ण भरा. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) कॅलिब्रेशनची सोय असते. ती असेल तर तीच वापरा, कारण तेव्हा विंडोज चालूच नसतं आणि फाइलींना धोका राहत नाही. हे दर आठवड्याला करण्याची गोष्ट नाही. प्रत्येक वेळी तळापर्यंत उतरवल्याने सेल झिजतात.

निळ्या स्क्रीनसाठी विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर (घडामोडींची नोंदवही) उघडा आणि सिस्टिमच्या नोंदींत ‘कर्नल-पॉवर ४१’ शोधा. नावात पॉवर आहे म्हणून पुष्कळ जण इथेच बॅटरीला दोषी ठरवतात. प्रत्यक्षात ती नोंद एवढंच सांगते, की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. खरी माहिती तिच्या तपशिलातल्या ‘बगचेककोड’मध्ये, म्हणजे बिघाडाच्या क्रमांकात, असते. तिथे ० असेल तर विंडोजला काही लिहिताच आलं नाही: वीज तुटली, मशीन गोठलं किंवा बटण दाबून धरलं गेलं. तुमच्या ३५ टक्क्यांच्या प्रसंगांना बहुधा ० दिसेल. निळ्या स्क्रीनच्या वेळी वेगळा आकडा असेल. २६ असेल तर मेमरीच्या हाताळणीत गडबड आहे. रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालवा. रॅमच्या पट्ट्या काढता येत असतील तर एकेक लावून पाहा. माझा दोष तसाच सापडला. १५९ असेल तर लॅपटॉप स्लीपमध्ये जाताना किंवा जागा होताना एखादा ड्रायव्हर (हार्डवेअरचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम) अडकतोय. ग्राफिक्स, वाय-फाय आणि चिपसेटचे ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. २९२ म्हणजे हार्डवेअरनेच गंभीर चूक कळवली आहे. आधी पंख्यातली धूळ आणि तापमान तपासा.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे. चार्जर कमी वॉटचा असेल तर जोराचं काम करताना काही लॅपटॉप उरलेली वीज बॅटरीतून ओढतात. तेव्हा थकलेली बॅटरी चार्जर लावलेला असतानाही मशीन पाडू शकते. मूळ चार्जरवरचा वॉटचा आकडा आणि सध्याच्या चार्जरवरचा आकडा जुळतो का, हे नक्की पाहा.

आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल, झाकण नीट बसत नसेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. मग वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. चार्जिंग करू नका, कॅलिब्रेशन करू नका, बॅटरी दाबू किंवा टोचू नका. लॅपटॉप बंद करून तंत्रज्ञाकडे न्या.