पाऊस वाढला की ऑफिसमधून लगेच निघावं की थांबावं?

तुम्ही लिहिलंय की नुकतेच नागपूरहून आलात, राहता डोंबिवलीला आणि ऑफिस परळला. माझं सरळ उत्तर: गाड्या सुरळीत असतील तर लवकर निघा. शीव (सायन)-कुर्ल्याच्या रुळांवर पाणी आल्याची बातमी आली की मात्र जागचे हलू नका.

२६ जुलै २००५ ला मी परळहून साडेतीनला निघालो. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाडी शीवच्या अलीकडेच थांबली. दोन तास वाट पाहून आम्ही खाली उतरलो आणि रुळांतून चालू लागलो. कुर्ल्याला रस्त्यावर छातीइतकं पाणी होतं. तिथल्या पोरांनी दोर बांधून धरला होता, म्हणून पलीकडे पोचलो. घाटकोपरला घरी आलो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. फोन लागत नव्हते, आई रात्रभर दारात बसून होती. ऑफिसात टेबलांवर झोपलेले सहकारी सकाळी उजेडात निघाले आणि दुपारी सुखरूप घरी पोचले. माझ्यापेक्षा उशिरा, पण जीव धोक्यात न घालता.

पावसाच्या अंदाजासोबत भरतीची वेळ बघायची सवय लावा, बाहेरगावहून आलेल्यांना हे कुणी सांगत नाही. मुंबईचे नाले समुद्रात उतरतात. मोठी भरती, म्हणजे साडेचार मीटरच्या आसपास, असली की पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही. तेव्हाच जोराचा पाऊस आला की हिंदमाता, किंग्ज सर्कल हे सखल भाग तुंबलेच समजा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी असते. पाऊस थोडा उघडला तर तेवढ्या वेळात बरंच पाणी ओसरतं. हिंदमात्याला आता जमिनीखाली साठवण टाक्या झाल्यात, पूर्वीइतका त्रास नाही.

अगदीच पाण्यातून जावं लागलं तर एकटे जाऊ नका. छत्रीच्या टोकाने पुढची जमीन चाचपत चला. २९ ऑगस्ट २०१७ ला तुमच्या ऑफिसजवळच, एल्फिन्स्टनला (आताचं प्रभादेवी स्टेशन), एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. आजही तिथून जाताना माझी नजर खाली जाते. पायाला जखम असेल आणि पाण्यातून चाललात तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, लेप्टोचा (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) धोका असतो.

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कपड्यांचा एक जोड, टॉवेल, बिस्किटं आणि रोजच्या गोळ्या आत्ताच ठेवून द्या. आणि घरी सांगून ठेवा, की अशा रात्री मी ऑफिसातच थांबेन.